कढई कोणती, तेल कोणतं, पळी कुठली

आमच्या लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. अंबाजोगाईत बसून हे सांगितलं की समोरच्याला आधी पटत नाही, मग वाईट वाटतं आणि लगेच तो तिच्यासाठी काहीतरी खायला आणायला उठतो. आपल्याकडं लेकराला उपाशी पाठवत नाहीत. पण जे हातावर ठेवतात त्यात बहुतेक वेळा दाणे असतात. पोहे, सुशीला, साबुदाण्याची खिचडी, भरलं वांगं, ठेचा, काकडीची कोशिंबीर, चिवडा, संक्रांतीचा तिळगूळ. कुठंतरी अख्खा दाणा दिसतो, कुठं कूट असतं, आणि कुठं नुसता रस्सा घट्ट झालेला असतो. तो कशानं घट्ट झाला हे विचारल्याशिवाय कळत नाही.

ती लहान असताना शेंगदाण्याच्या लाडवाचा एक घास खाल्ला आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. घरातल्यांना वाटलं पित्त उठलं. माझ्या आईनं आमसुलाचं पाणी करायला घेतलं. पण लेकीचा आवाज घोगरा झाला तसं आम्ही तिला उचलून दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि पुढं रात्रभर ठेवून घेतलं. नंतर संभाजीनगरला तपासणी झाली. हातावर थेंब टाकून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिथं किती फुगवटा येतो ते मोजतात. शेंगदाण्याच्या थेंबाखाली मोठा फुगवटा आला. तीळ, काजू, हरभरा यांच्या जागा सपाट राहिल्या. हे आमच्यासाठी फार मोलाचं ठरलं, कारण काय सोडायचं याइतकंच काय सोडायची गरज नाही हेही त्यातून कळलं. घरात जवसाची आणि कारळाची चटणी आली. कुटाच्या जागी भाजलेले तीळ आणि डाळवं आलं. तेल आमच्याकडं पूर्वीपासून करडईचं होतं, ते तसंच राहिलं. घर सांभाळता येतं. प्रश्न घराबाहेरचा असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत संभाजीनगरजवळच्या एका मोठ्या पार्कात जायचं भाचरांनी ठरवलं. पाण्याचे खेळ, झोके, घसरगुंड्या, दिवसभर तिथंच राहायचं, जेवणही तिथंच. पार्काचं नाव इथं लिहीत नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ न देणारी अशी पार्कं सगळीकडं आहेत आणि जे करावं लागतं ते थोड्याफार फरकानं सारखंच आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कांमध्ये अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळं मेन्यूकार्ड मिळतं आणि स्वतःचं खाणंही आत नेता येतं. आपल्या भागात ही व्यवस्था तयार मिळत नाही, ती आपली आपण लावून घ्यावी लागते. ती लावता येते, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकतो.

पहिला फोन तिकीट खिडकीच्या नंबरवर केला. "सर, आमच्याकडं सगळं प्युअर व्हेज आहे, काही काळजी करू नका," असं उत्तर आलं. शेंगदाण्याचं विचारलं तर "दाणे नसतात सर" एवढंच. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला स्वयंपाकघरातलं काही माहीत नव्हतं, आणि फोनवर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही एवढं त्याला शिकवलेलं होतं. त्याच्याकडून मी एकच गोष्ट मागितली, कँटीन चालवणाऱ्याचा नंबर.

कँटीनला फोन करायची वेळ महत्त्वाची. दुपारी एकला केलात तर कुणीही दोन शब्दांत तुम्हाला वाटेला लावील. साडेतीन-चारला केला की भांडी निघालेली असतात, माणूस खुर्चीत टेकलेला असतो. तेव्हा मी कँटीनच्या मालकाला लेकीचं सगळं सांगितलं. "भाजीत आम्ही दाणे टाकतच नाही हो," तो म्हणाला. मी म्हटलं, "मालक, स्वयंपाक कोण करतंय? त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू द्या." त्यांनी फोन आत दिला. आचारी वयस्कर होते, आवाजावरून जालन्या-बीडकडचे वाटले. मी विचारलं, "मामा, रश्शात कूट टाकता का?" ते म्हणाले, "टाकायलो की. कुटाबिगर रस्सा धरतोय का?"

मालकाला आपल्या कँटीनमध्ये दाणे नाहीत असं मनापासून वाटत होतं आणि आचारी रोज वाटीभर कूट रश्शात सोडत होते. त्या दिवसापासून मी गल्ल्यावरच्या माणसाचं उत्तर धरत नाही. ज्याच्या हातात पळी आहे त्यालाच विचारायचं. आणि "दाणे आहेत का" असं तर विचारायचंच नाही, कारण कूट घालणारा माणूसही त्याला नाही म्हणतो. एकेक वस्तू घ्यायची. ग्रेव्ही कशाची करता? वडापावच्या सुक्या चटणीत खोबऱ्याबरोबर काय असतं? इडलीच्या चटणीत नारळ की डाळवं की दाणे? तळायच्या कढया किती? त्यात सकाळपासून काय काय तळून निघतं? तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय? भात काढायची पळी आणि भाजीची पळी एकच आहे का?

मामांनी शांतपणे सगळं सांगितलं. तेल सोयाबीनचं रिफाईंड, डब्यातलं. तळायच्या कढया दोन, आणि उपवासाचा दिवस असला की साबुदाणा वडा त्याच कढयांत. म्हणजे बटाट्याच्या फिंगर चिप्ससुद्धा गेल्या. हे बऱ्याच जणांना पटत नाही. तळल्यावर, उकळल्यावर दाण्याचा दोष जातो असा समज आहे. तसं होत नाही. अ‍ॅलर्जी दाण्यातल्या प्रथिनांची असते, ती उष्णतेला दाद देत नाहीत. उलट भाजलेल्या शेंगदाण्यानं अ‍ॅलर्जी अधिक जोरात उठू शकते. ज्या तेलात साबुदाणा वडा तळला त्या तेलात कुटाचे कण उरतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात.

तेलाबद्दलही थोडं सांगतो, कारण आपल्याकडं आता लाकडी घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे. चांगलं रिफाईंड केलेल्या शेंगतेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सोसतं. घाण्याच्या तेलात, नुसत्या गाळलेल्या तेलात ती राहतात. म्हणजे जे तेल इतरांसाठी जास्त अस्सल, तेच आमच्या लेकीसाठी जास्त धोक्याचं. बाहेर कुठं कोणत्या प्रतीचं शेंगतेल असेल याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी शेंगतेल सरसकट बंद सांगितलंय आणि आम्ही त्यात फाटे फोडत नाही.

त्या फोननंतर आमच्या वहीत दोन यादी झाल्या. साधा भात, तुपाची फोडणी दिलेलं वरण, चटणीशिवाय इडली आणि पॅकबंद दही, एवढं जमण्यासारखं. बाकी सगळं बंद. दिवसभर पाण्यात खेळणाऱ्या लेकराला एवढ्यावर भागणार नाही, म्हणून डबा न्यायचा ठरला, आणि डब्यासाठी परवानगी लागणार होती.

ती परवानगी आधी, लेखी आणि नाव असलेल्या माणसाकडून घ्यायची. आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, तिला सोबत घरचं अन्न आणि अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन ठेवणं आवश्यक आहे. त्याचा फोटो पार्काच्या मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. उत्तर लगेच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा मेसेज. मग "एका मुलीपुरता डबा आणि औषधं आणण्यास हरकत नाही" असं उत्तर आलं. ते मी छापून घेतलं. फाटकावरच्या माणसाला मोबाइलचा पडदा दाखवण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा, तो हातात घेऊन आत कुणाला तरी नेऊन दाखवू शकतो.

आता इंजेक्शनचं. ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांनी हे त्यांच्या डॉक्टरांकडून समोर बसून शिकावं, वाचून नव्हे. मी फक्त आमचं सांगतो. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, टोपण काढलं की मांडीवर दाबायचं. आपल्या गावातल्या मेडिकलवर ते मिळत नाही, मागवलं तर महाग पडतं. आमच्याकडं साधी अ‍ॅड्रिनॅलिनची अँप्युल, म्हणजे काचेची बंद कुपी आहे, 1 मिलीत 1 मिलिग्रॅमची. डोस दर किलो वजनाला 0.01 मिलिग्रॅम. लेक 20 किलोची आहे, म्हणून 0.2 मिली. मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनसुद्धा. डॉक्टरांनी जाण्याच्या आदल्या दिवशी दोन सिरिंज भरून, खूण करून दिल्या आणि जोडीला न फोडलेल्या अँप्युल. मी आणि बायको दोघांनीही सलाईनचं पाणी भरून संत्र्यावर सराव केला होता. हे औषध उजेडानं आणि उष्णतेनं खराब होतं, आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे बंद गाडीत हात लावू नये असा. म्हणून ती डबी गाडीत ठेवायचीच नाही. थंड पिशवीत, बर्फाच्या पाकिटाला थेट न टेकवता, कापडात गुंडाळून, आणि ती पिशवी सतत आमच्या दोघांपैकी एकाच्या खांद्यावर.

सोबत एक कागद, डॉक्टरांच्या हाताचा. नुसत्या गांधी उठल्या, खाज आली तर अ‍ॅलर्जीचं सिरप आणि नजर. खोकला, धाप, आवाज बदलणं, गिळायला त्रास, वारंवार उलटी, गळून जाणं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही, इंजेक्शन द्यायचं, आडवं झोपवून पाय वर करायचे, धाप असेल तर बसवायचं पण चालवायचं नाही, 108 ला फोन करायचा, आणि पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरं द्यायचं. सिरपनं श्वास मोकळा होत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी लाल पेनानं अधोरेखित केलंय. इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. पार्कापासून सगळ्यात जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कुठलं, तिथं लहान मुलांचे डॉक्टर असतात का, हे मी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं.

सगळ्यात अवघड बोलणं मात्र घरातलं होतं. अक्का, माझी मोठी बहीण, तिची दोन मुलं, आई, आम्ही तिघं, एकाच जीपमध्ये. अक्कानं आदल्या दिवशीच लाडू आणि चिवडा करून डबे भरून ठेवले होते. तिच्या हाताला सगळ्या घराची सवय आहे. मी म्हटलं, "अक्का, जीपमध्ये दाणे नकोत." ती गप्प झाली. मग म्हणाली, "आपण सगळे शेंगांवरच मोठे झालाव. रानातून आलं की पदरात शेंगाच असायच्या. इवल्याश्या दाण्यानं काय व्हायलंय? थोडं थोडं दिलं तर सवय व्हईल की."

अक्काच्या बोलण्यात एक धागा खरा आहे, आणि तो मी तिला मान देऊन सांगितला. 2015 साली लंडनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या तान्ह्या बाळांना धोका जास्त होता त्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पुढं ही अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात कमी झालं. आपल्या आज्या बाळाच्या तोंडात लवकर सगळं चाखवायच्या त्यात अर्थ होता. पण अ‍ॅलर्जी एकदा जडल्यावर घरी थोडं थोडं देऊन ती मोडायची नसते, तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून होतो. अक्कानं ऐकून घेतलं, पण लाडवाचे डबे तिच्या हातून सुटेनात. शेवटी लेकीनंच विचारलं, "आत्या, तू राजगिऱ्याचे करशील का? मग मी पण खाईन." रात्री दहाला अक्कानं राजगिरा पाक करायला घेतला. शेंगदाण्याचे डबे आईच्या खोलीत राहिले, जीपमध्ये गेले नाहीत.

आमच्या घरात बायकोनं मेथीचे धपाटे केले, दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या. दशमी उन्हाळ्यात प्रवासाला टिकते, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. सोबत जवसाची चटणी, गूळ, केळी. पहाटे निघालो. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडून पुढं. वाटेत चहाला थांबलो तिथं भाच्यांनी पोहे खाल्ले, त्यात दाणे होते. जीपमध्ये चढण्याआधी त्यांना साबणानं हात आणि तोंड धुवायला लावलं. हातावर सॅनिटायझर चोळून दाण्याचा अंश जात नाही, साबण-पाण्यानं किंवा ओल्या वाइप्सनं जातो. भाच्यांना हे सांगितल्यावर त्यांनी ते एकदम मनावर घेतलं. धाकटा तर पुढं दिवसभर येईल त्याला हात धुवायला सांगत होता.

फाटकावर गर्दी होती. सुरक्षारक्षकानं पिशव्या उघडल्या, डबा बाजूला काढला, मग थंड पिशवीत सिरिंज दिसल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही बघितलं असतं. मी दोन्ही कागद पुढं केले. त्यानं डॉक्टरांचं पत्र सावकाश वाचलं, वायरलेसवर आत विचारलं, आणि आम्ही बाजूला उभे असताना म्हणाला, "आमच्या पाहुण्यातल्या एका लेकराला अंड्याचं असंच आहे. जावा आत. काही लागलं तर मला हाक मारा, मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे." मी त्याला विचारून घेतलं की रुग्णवाहिका आली तर कोणत्या फाटकानं आत येईल. त्यानं मागचं फाटक दाखवलं, किल्ली कुणाकडं असते तेही सांगितलं. मग प्रथमोपचाराची खोली बघून आलो. तिथं मलमपट्टी, ओआरएस, बीपीचं मशीन होतं, अ‍ॅड्रिनॅलिन नव्हतं. आपलं आपल्याजवळ असायला हवं हे त्यातून पक्कं झालं.

कँटीनमध्ये अकराच्या आधी गेलो, गर्दी व्हायच्या आत. मामा फोनवर बोलल्याप्रमाणे भेटले. त्यांनी मला आत बोलावून तेलाचा डबा दाखवला, आणि मग जे म्हणाले त्यानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला. "दादा, इडली खाऊ द्या. चटणी नको. वरणाचं मी आज खात्रीनं नाही सांगत, पोऱ्यानं सकाळी कोणती पळी घातली ते मी बघितलं नाही. तुम्हाला वेगळं टाकून देतो." जो माणूस "आपल्याकडं काहीच नसतंय, बिनधास्त खा" म्हणतो त्याच्याकडं मी लेकीला जेवू घालत नाही. जो "हे मला माहीत नाही" म्हणतो त्याच्याकडं घालतो. मामांनी एक पातेलं साबणानं घासलं, हात धुतले, मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र टाकून हळद-मीठ घातलं, वर जिऱ्याची फोडणी दिली. फोडणीची पळी मी आमच्या पिशवीतून काढून दिली. बायकोनं ती आठवणीनं घेतली होती, एक ताट, वाटी आणि चमच्याबरोबर. मामांना त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र आधी विचारलं होतं, "मामा, राग नका मानू." ते म्हणाले, "लेकराच्या जिवाला कसला राग?"

लेक पोटभर जेवली. गरम खिचडी, सोबत धपाटा, दही. बाकीची मंडळी भजी आणि मिसळ खात होती, तिला लांब बसवलं नाही, फक्त कडेची जागा दिली आणि टेबल आधी ओल्या कपड्यानं पुसून घेतलं. वेगळं ताट चालतं, वेगळी पंगत नको, असं माझं ठाम मत आहे. लेकराला अ‍ॅलर्जीनं जेवढं एकटं पडायला होतं त्याहून जास्त मोठ्यांच्या सोयीनं पडायला होतं.

दुपारी मात्र व्हायचं ते झालं. पाण्यातून बाहेर येऊन ती एका कट्ट्यावर बसली. तिथं आधी कुणीतरी भाजलेल्या शेंगा खाऊन टरफलं टाकून गेलं होतं. दहा मिनिटांत तिचा उजवा तळवा आणि मांडीची मागची बाजू लाल झाली, गांधी उठल्या. ती स्वतःच आली, म्हणाली, "पप्पा, खाजतंय, मी तोंडाला हात नाही लावला." बायकोनं तिला नळाखाली नेऊन साबणानं धुतलं, कपडे बदलले. मी कागद काढला. काळजाचं पाणी झालं होतं, पण कागद हातात असला की काय बघायचं ते ठरलेलं असतं. फक्त त्वचा. ओठ नीट. श्वास नीट. वजनाप्रमाणे सिरप दिलं, इंजेक्शनची डबी उघडून शेजारी ठेवली, आणि प्रथमोपचाराच्या खोलीत पंख्याखाली बसलो. तिला पाढे म्हणायला लावले. आवाज बसतोय का, मध्येच दम लागतोय का, हे पाढ्यांत लगेच कळतं. तेराच्या पाढ्याला अडखळली, पण ती नेहमीच अडखळते. अर्ध्या तासात गांधी उतरल्या. तरी दोन तास पाण्यात सोडलं नाही. अक्का तेवढा सगळा वेळ तिचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. काही बोलली नाही. मग उठून गेली, कुठूनतरी झाडू आणला आणि तो कट्टा आणि शेजारचे दोन कट्टे झाडून काढले.

संध्याकाळी आईस्क्रीमचा हट्ट झाला. स्कूपचं आईस्क्रीम आम्ही देत नाही, कारण तोच चमचा दाणे-काजू पेरलेल्या डब्यातून फिरत असतो. सीलबंद कँडी घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकिटावर शेंगदाणा, दूध, गहू, सोया यांसारख्या अ‍ॅलर्जीच्या घटकांची नोंद वेगळी द्यावी लागते. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलसाखळ्यांनाही मेन्यूवर ही माहिती द्यायची आहे, त्यामुळं शहरातल्या मोठ्या साखळी दुकानांत मागितली की ती मिळते. गावातल्या कँटीनला हा नियम लागू नाही, तिथं मामांसारखा माणूस शोधावा लागतो. कँडीवर फक्त दूध लिहिलं होतं. ती तिनं सावकाश, शेवटपर्यंत चाटली.

निघताना मामांनी विचारलं, "दादा, तुम्ही जे जे विचारलं ते लिहून देता का? पोऱ्यांना दाखवतो. परवा एकजण बदामाचं विचारत होता, मला काही सांगता आलं नाही." घरी आल्यावर मी एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. कूट कोणकोणत्या पदार्थात जातं ते रोज सकाळी फळ्यावर लिहा. एक कढई, एक पातेलं आणि एक पळी बाजूला ठेवा, त्यांना लाल दोरा बांधा, त्यात दाणे कधीच नेऊ नका. साबुदाणा वड्याची कढई वेगळी करा. गिऱ्हाइकानं अ‍ॅलर्जी सांगितली तर साबणानं हात धुवा आणि नवीन पातेल्यात करा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. खाली 108 आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर. पान लॅमिनेट करून पोस्टानं पाठवलं, आणि मॅनेजरला वेगळं पत्र लिहिलं: शेंगा विकायच्या असतील तर पाण्याच्या भागात नको, एका कोपऱ्यात विका, आणि प्रथमोपचाराच्या खोलीत अ‍ॅड्रिनॅलिन आणि ते देता येणारा माणूस ठेवा. मॅनेजरचं उत्तर अजून आलेलं नाही. मामांचा फोन आला होता, कढईच्या कानाला लाल दोरा टिकत नाही, जळतो, तांब्याची तार बांधली तर चालेल का म्हणून.